सोन्याचा पूल आणि नर्मदेची वाळू

बडोद्याहून मुंबईकडे जाणारी गाडी भरूचजवळ नर्मदा ओलांडू लागली की डब्यातील वडीलधारी मंडळी हात जोडतात, नदीत नाणे टाकतात आणि शेजारचा लांबलचक लोखंडी पूल मुलांना दाखवतात. हा गोल्डन ब्रिज १८८१ मध्ये पूर्ण झाला आणि त्याची लांबी सुमारे १.४ किलोमीटर आहे. जुलै २०२५ मध्ये पादरा तालुक्यातील गंभीरा पूल जेमतेम ४० वर्षांच्या वापरानंतर कोसळला. तेव्हापासून आमच्या बडोद्याच्या मराठी घरांत या जुन्या पुलाच्या आख्यायिकांना नवे बळ आले आहे. त्याच्यावर इतका खर्च झाला की तेवढ्यात सोन्याचा पूल झाला असता, त्याचे लोखंड कधीच गंजत नाही, नर्मदामैयाने बळी घेतल्यावरच खांब स्थिर राहिले, असे पुष्कळ सांगितले जाते.

लोखंडाच्या गुणाने पूल टिकला असता, तर याच ठिकाणचा आधीचा पूलही टिकायला हवा होता. मुंबई-बडोदे रेल्वेसाठी १८६० च्या सुमारास येथे उभारलेला पूलही लोखंडीच होता. परंतु पुरांनी तो वारंवार मोडला आणि अखेरीस १८७७ मध्ये नव्या पुलाचे काम हाती घ्यावे लागले. खरा प्रश्न खांबांखालच्या वाळूचा आहे.

नदीचे पाणी पृष्ठभागाजवळ वेगाने आणि तळाजवळ घर्षणामुळे सावकाश वाहते. खांबावर आदळून पाणी थांबते तेव्हा त्याच्या गतीचे रूपांतर दाबात होते आणि हा वाढीव दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो. साहजिकच खांबाच्या पुढच्या बाजूस वरच्या भागात हा दाब जास्त आणि तळाशी कमी राहतो. त्या फरकामुळे खांबाला लागून पाण्याचा एक झोत सरळ खाली उतरतो, तळावर आपटतो, मागे वळतो आणि गुंडाळला जाऊन खांबाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जातो. घोड्याच्या नालेसारखा आकार असलेल्या या भोवऱ्यालाच नालाकृती भोवरा म्हणतात. तो वाळूचे कण उचलतो आणि प्रवाह ते वाहून नेतो. खड्डा पुरेसा खोल होऊन भोवऱ्याची पकड सैल होईपर्यंत हे चालू राहते.

ही धूप किती खोल जाईल, याचा अंदाज भारतीय अभियंते आजही गेराल्ड लेसी यांच्या १९३० च्या सुमाराच्या कामावर आधारलेल्या सूत्राने करतात. पात्राच्या प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला किती घनमीटर पाणी जाते तो आकडा घ्यावा, त्याचा वर्ग करावा, वाळूच्या जाडीवर ठरणाऱ्या गुणांकाने भागावे, घनमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. समजा हा प्रवाह २७ आणि गुणांक १ आहे. २७ चा वर्ग ७२९, त्याचे घनमूळ ९, म्हणून सरासरी खोली सुमारे १२ मीटर येते. खांबापाशी ती दुप्पट, म्हणजे पूरपातळीपासून २४ मीटर धरतात. पाया त्याहूनही खाली गेला पाहिजे. नर्मदेची ताकद किती, हे १९७० च्या पुराने दाखवले. त्या वेळी गरुडेश्वर येथे सेकंदाला ६९,४०० घनमीटर प्रवाह नोंदवला गेला आणि तोही पूर गोल्डन ब्रिजने सोसला.

आधीच्या पुलाचे खांब टोकाशी रुंद पाते असलेल्या लोखंडी स्क्रूसारखे होते आणि ते फिरवून वाळूत उतरवलेले होते. अशा खांबाभोवतीची वाळू निघून गेली की त्याला बाजूने मिळणारा आधारच नाहीसा होतो. त्यात पूर ओसरताना खड्डा नव्या, सैल वाळूने पुन्हा भरतो; त्यामुळे उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला तळ सपाट दिसतो आणि झालेल्या नुकसानाचा मागमूसही लागत नाही.

बळीची कथा मात्र मला निरुपद्रवी वाटत नाही. पुलाच्या पायात मुले पुरतात अशा अफवा आपल्याकडे अनेक बांधकामांच्या वेळी उठल्या आहेत आणि त्यांनी निरपराध माणसांवर संशय आणला आहे. परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाहीत, ही श्रद्धा कोणालाही इजा करत नाही. ही अफवा करते.

२०२१ मध्ये शेजारी नर्मदा मैया पूल खुला झाला आणि वाहनांचा भार तिकडे गेला. खांबांभोवतीचा तळ मात्र वाहतूक कमी झाली म्हणून झिजायचा थांबत नाही. तो मोजायचा तर पूर चालू असतानाच, ध्वनिलहरी पाण्यात सोडून त्यांचा प्रतिध्वनी परत यायला लागणाऱ्या वेळावरून मोजावा लागतो, आणि हे काम नव्या-जुन्या प्रत्येक पुलावर दर पावसाळ्यात व्हायला हवे.