रॅम वाढवली, तरी संगणक मंद का?

संगणक अडखळू लागला की सल्ला ठरलेला: रॅम वाढव. बहुतेक वेळा तो लागूही पडतो. पण कधी कधी ६४ जीबी बसवल्यावर तेच यंत्र आधीपेक्षा संथ वाटू लागतं, आणि संशय रॅमच्या नव्या स्टिकवर, म्हणजे पट्टीवर जातो. स्टिक ठणठणीत असूनही असं होऊ शकतं.

हे दुखणं जुनं आहे. १९९७ साली आलेल्या इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटला, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिपांच्या संचाला, २५६ एमबीपर्यंत रॅम चालायची. मदरबोर्डवरची कॅश, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्या मधली छोटी वेगवान मेमरी, मात्र पहिल्या ६४ एमबीपुरतीच काम करायची. त्यापुढची माहिती थेट संथ रॅममधून ओढावी लागे. ज्याचं ६४ एमबीत भागत होतं, त्याने पदरचे पैसे घालून वेग कमी करून घेतला.

आज ती अडचण उरलेली नाही. पत्ते शोधण्याची मात्र आहे, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटते ती हीच. प्रोग्रॅमला दिसणारा मेमरीचा पत्ता खरा नसतो. रॅमचे ४ केबीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पेज म्हणतात, आणि कुठलं पेज नेमकं कुठे आहे याचे तक्ते खुद्द रॅममध्येच असतात. म्हणजे एक आकडा वाचायचा तर आधी त्याचा पत्ता वाचा. तोही सहसा चार पायऱ्या उतरून. हा हेलपाटा वाचावा म्हणून प्रोसेसर अलीकडे लागलेले पत्ते टीएलबी नावाच्या छोट्या वहीत टिपून ठेवतो. २०१५ च्या इंटेल स्कायलेक प्रोसेसरमध्ये या वहीच्या मोठ्या भागात १,५३६ नोंदी मावतात. ४ केबीच्या हिशेबाने झाले फक्त ६ एमबी! ६४ जीबीत अशी पेजेस असतात १ कोटी ६७ लाखांहून अधिक. नुसती रॅम बसवल्याने काही बिघडत नाही. पण एखादा डेटाबेस त्या सगळ्या विस्तारात इकडून तिकडे उड्या मारू लागला, की वही सतत अपुरी पडते. म्हणूनच मोठ्या सर्व्हरवर २ एमबीची पेजेस वापरतात. तेवढ्याच नोंदी मग ३ जीबीला पुरतात.

दुसरी गंमत पेनड्राइव्हवर कॉपी करताना दिसते. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत, लिहायची राहिलेली माहिती उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत रॅममध्ये साचू शकते. ६४ जीबीच्या यंत्रात हे १२ जीबीच्या आसपास जातं. पडद्यावर कॉपी झटक्यात संपते, पण सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला ती थकबाकी फेडायला २० मिनिटं लागतात. तोवर दुसरा एखादा प्रोग्रॅम फाइल सेव्ह करायला गेला तर तोही ताटकळू शकतो. ही मर्यादा टक्क्यांऐवजी ठरावीक एमबीत बांधून घेतली की त्रास कमी होतो.

घरगुती यंत्रात मात्र मी आधी स्टिक मोजेन. चारही स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर विजेचा भार वाढतो आणि वेग उतरवावा लागतो. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसर मालिकेत दोन स्टिकना डीडीआर५-५२०० हा अधिकृत वेग आहे (डीडीआर५ हा रॅमचा प्रकार, पुढचा आकडा वेगाचा), चार स्टिकना ३६००. ६४ जीबी हवी असेल तर १६ च्या चारपेक्षा ३२ च्या दोन घ्याव्यात. आणि बसवून झाल्यावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेगाचा आकडा दिसतो, तो एकदा बघावा.