दुतोंड्या मारुतीला पाण्याचा वळसा

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर एकमेकांना हमखास विचारतात, "मारुतीला कुठपर्यंत लागलं पाणी?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही गोदावरीच्या पुराची आपली घरची मोजपट्टी. गुडघा, कंबर, छाती. मी मात्र काठावर उभा राहिलो की पाणी मूर्तीला वळसा कसं घालतं, तेच बघत राहतो.

हा वळसा गणितात मांडताना लांबी-रुंदी घेऊन बसलं की सूत्रं जडशीळ होतात. मूर्तीच्या जागी गोल खांब कल्पा. त्याच्या मध्यावर उभे राहून पाणी येतं त्या दिशेला तोंड करा आणि तिथून किती अंश वळलात तेवढंच सांगा. हा ध्रुवीय कोन. खांबाला घासून जाणाऱ्या पाण्याचा वेग म्हणजे नदीच्या वेगाची दुप्पट गुणिले या कोनाचा साइन. बस्स, इतकंच सूत्र! (पुस्तकांत कोन बहुधा उलट्या बाजूने मोजतात, साइनचं मूल्य तेच येतं.)

शून्य अंशावर, अगदी समोर, पाणी थबकतं. नदी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत असेल, तर तिथे ते सुमारे २० सेंटिमीटर वर चढतं. ३० अंशांवर साइन अर्धा, म्हणून वेग बरोबर नदीइतकाच. ९० अंशांवर, कुशीला, दुप्पट. तिथे दाब सर्वांत कमी.

मागे मात्र सूत्र फसतं. त्याच्या हिशेबाने १८० अंशांवर पाणी पुन्हा शांत थांबतं, पुढचा-मागचा दाब सारखा होतो आणि खांबाला ढकलणारं बळ उरतच नाही. १७५२ साली फ्रेंच गणितज्ञ दालांबेर याच कोड्यापाशी अडला. उलगडा केला जर्मन शास्त्रज्ञ प्रांटलने, १९०४ मध्ये: खांबालगतचा पातळ थर चिकटपणामुळे मंदावतो, पुढे वाढत्या दाबाविरुद्ध जाताना पृष्ठभाग सोडतो आणि मागे भोवरे सुटतात.

भोवऱ्यात तर कोनाचं काम मला सर्वांत सुंदर वाटतं. आदर्श भोवऱ्यात वेग ज्या गणिती राशीच्या उतारावरून (म्हणजे जागा बदलली की ती किती झपाट्याने बदलते, त्यावरून) काढतात, ती राशी म्हणजे कोनाचीच एक पट. निर्माल्यातलं झेंडूचं फूल भोवऱ्याभोवती एक फेरी मारून जागेवर येतं, पण कोन ३६० अंशांनी वाढलेला असतो. फूल तिथेच, राशी बदललेली. आणि तो फरक म्हणजेच भोवऱ्याची ताकद.