वर्षाकाठी एक पत्र : अमेरिकेतल्या पहिल्या वकील स्त्रियांचा इक्विटी क्लब

1886 च्या ऑक्टोबरात, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या आणि शिकून बाहेर पडलेल्या मोजक्या स्त्रियांनी एक मंडळ काढलं, इक्विटी क्लब. लेटी बर्लिंगेम त्याच्या पहिल्या अध्यक्ष. पदवी मिळाली की या साऱ्याजणी आपापल्या गावी पांगणार, आणि तिथे जोडीला दुसरी वकील बाई असण्याची शक्यता जवळपास नाहीच. म्हणून एक रीत ठरली. प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा पत्र लिहायचं. आलेली पत्रं चिटणीस एकत्र करायच्या, त्यांचा वार्षिक अंक टपालाने सगळ्यांकडे जायचा. 1887 ते 1890 एवढीच वर्षं हे चाललं, आणि लिहिणाऱ्या सगळ्या मिळून तीसेक जणी. तरी त्या काळातली वकील स्त्री स्वतःच्या तोंडाने काय सांगत होती, हे कळायला याहून चांगलं साधन मला तरी माहीत नाही.

या स्त्रिया इतक्या एकट्या का होत्या, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेत वकिलीची सनद प्रत्येक राज्य वेगळी देतं. 1869 मध्ये आयोवाने अरबेला मॅन्सफील्ड यांना ती दिली. त्याच सुमारास इलिनॉय राज्याने शिकागोच्या मायरा ब्रॅडवेल यांना नाकारली. त्या स्वतः ‘शिकागो लीगल न्यूज’ हे कायद्याचं साप्ताहिक चालवत होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1873 मध्ये त्या हरल्या. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी वेगळं मत जोडून लिहिलं की पत्नी आणि माता होणं हेच स्त्रीचं ईश्वराने नेमलेलं कार्य. हा निकाल पुढची कित्येक वर्षं स्त्रियांच्या आड येत राहिला. एका राज्यात दार उघडलं म्हणून शेजारच्या राज्यात उघडेलच असं नव्हतं; प्रत्येकीला आपल्या कोर्टाशी नव्याने भांडावं लागे. 1880 च्या जनगणनेत साऱ्या देशात 75 वकील स्त्रिया नोंदल्या गेल्या, 1890 मध्ये 208. देशाची वस्ती तेव्हा सव्वासहा कोटींच्या घरात.

बॉस्टनच्या लेलिया रॉबिन्सन या भांडणातून गेलेल्या. 1881 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला, तेव्हा त्यांनी विधिमंडळाकडे दाद मागितली. 1882 मध्ये कायदा बदलला आणि त्यांना सनद मिळाली. पुढे काही काळ त्या वॉशिंग्टन टेरिटरीत, म्हणजे तेव्हा अजून राज्य न झालेल्या वायव्येकडच्या प्रदेशात, सिएटलला होत्या. तिथे तेव्हा ज्युरीत स्त्रियाही बसत.

क्लबच्या पत्रांत रॉबिन्सन यांचा आवाज सगळ्यांत ठाम आहे. त्यांचं सांगणं असं, की आपलं बाईपण धंद्यात आणू नका, ‘लेडी लॉयर’ होऊ नका, नुसत्या वकील व्हा. आणि याच रॉबिन्सन 1888 च्या पत्रात मैत्रिणींना विचारतात, कोर्टात युक्तिवादाला उभं राहताना डोक्यावरची हॅट ठेवायची की काढायची? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्याला सरळ उत्तर नव्हतं. घराबाहेर, लोकांत वावरताना सभ्य बाईने हॅट घालायची हा शिष्टाचार. कोर्टात शिरताना वकिलाने हॅट काढायची हाही शिष्टाचार. ठेवावी तर वकिलीची रीत मोडते, काढावी तर बाईची. पुरुष वकिलाला हे विचारून उपयोग नव्हता. त्याच्यापुढे हा पेच कधी आलाच नव्हता. नुसत्या वकील व्हा म्हणणाऱ्या बाईलाही ते रोज सकाळी कसं साधायचं हे ठरवावं लागत होतं, आणि तिने ते मोकळेपणी विचारलं, याचं मला फार मोल वाटतं.

बाकीच्या साऱ्या रॉबिन्सन यांच्याशी सहमत नव्हत्या. वकिली म्हणजे समाजसुधारणेचं हत्यार, असं मानणाऱ्या अनेक होत्या. नेब्रास्काच्या एडा बिटनबेंडर दारूबंदीसाठी झटणाऱ्या महिला संघटनेचं कायद्याचं काम बघत. बॉस्टनच्याच मेरी ग्रीन यांनी तिसरी वाट धरली. त्या कोर्टापेक्षा कचेरीतल्या कामाकडे वळल्या आणि स्त्रियांना व्यवहारापुरता कायदा शिकवू लागल्या. लग्न झाल्यावर वकिली करता येईल का, प्रकृतीला हे श्रम झेपतील का, यावरही पत्रांतून पुष्कळ चर्चा आहे. शिक्षणाने बाईची तब्येत ढासळते असं तेव्हा डॉक्टरच सांगत फिरत, त्यामुळे आजारपणाबद्दल लिहिणंही सोपं नव्हतं.

कॅथरिन वॉ यांचा अनुभव वाचवत नाही. 1886 ची पदवी, हाती शिफारसपत्रं, आणि शिकागोत एका वकिलाच्या कचेरीतून दुसऱ्याच्या कचेरीत वणवण. कुणी ठेवून घेईना. शेवटी त्या रॉकफर्डला परतल्या आणि तिथे स्वतःची वकिली सुरू केली.

हीच वर्षं आपल्याकडे रखमाबाईंच्या खटल्याची. पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेतच होत्या; 1888 मध्ये राजधानी वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत त्या बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक आलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या, पण स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा हिंदुस्थानात यायला 1923 साल उजाडलं.

क्लब 1890 नंतर थांबला. लेटी बर्लिंगेम त्याच वर्षी गेल्या, लेलिया रॉबिन्सन 1891 मध्ये; एकीने तिशी नुकती ओलांडलेली, दुसरीने चाळिशी. कॅथरिन वॉ लग्नानंतर मॅककलक झाल्या आणि वकिली करत राहिल्या. 1907 मध्ये इव्हॅन्स्टनला त्या जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे किरकोळ खटले चालवणाऱ्या स्थानिक न्यायाधीश, म्हणून निवडून आल्या. पुढे इलिनॉयमधल्या स्त्रियांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता यावं यासाठी त्यांनी विधेयक लिहिलं आणि वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा केला; 1913 मध्ये ते मंजूर झालं.