सात सेकंदांच्या ठेक्याचे ध्वनिशास्त्र

१९६९ साली अमेरिकेतील 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूवर 'अमेन, ब्रदर' ही रचना निघाली. तिच्या मध्यावर बाकीची सर्व वाद्ये थांबतात आणि ड्रमवादक ग्रेगरी कोलमन एकटेच चार बार (प्रत्येकी चार ठोक्यांची आवर्तने) वाजवतात. मिनिटाला सुमारे १३७ ठोक्यांच्या लयीतले हे वादन जेमतेम सात सेकंद टिकते. एकट्या ड्रमच्या अशा तुकड्याला ब्रेक म्हणतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये उदयाला आलेल्या जंगल आणि त्यातून पुढे वाढलेल्या ड्रम अँड बेस या संगीतप्रकारांचा पाया याच तुकड्यावर आणि त्याच्या जोडीला वापरल्या गेलेल्या आणखी काही ब्रेकवर रचला गेला. त्यांत लिन कॉलिन्स यांच्या १९७२ च्या 'थिंक' मधला ब्रेक आहे आणि जेम्स ब्राउन यांच्या 'फंकी ड्रमर' मध्ये क्लाइड स्टबलफील्ड यांनी वाजवलेलाही आहे. कोलमन २००६ साली निर्धन अवस्थेत वारले आणि त्यांच्या त्या सात सेकंदांचे मानधन त्यांना कधीच मिळाले नाही. पुढे २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४,००० पौंड दिले. या ब्रेकच्या तांत्रिक बाजूविषयी लिहितानाही ही गोष्ट नोंदवलीच पाहिजे, कारण ज्या बारकाव्यांमुळे असा तुकडा उचलून नव्या संगीतात वापरण्याचे काम शक्य होते ते बारकावे यंत्राचे नसून वादकाच्या हाताचे आहेत.

ब्रेक म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा लावलेला, काठीने वाजवायचा ड्रम) आणि झांजा यांच्या सुट्या आवाजांची जुळणी नव्हे. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात स्नेअरच्या मायक्रोफोनमध्ये राइड झांजेचा आवाज शिरतो, किकमुळे स्नेअरच्या खालच्या तारा थरथरतात आणि या सगळ्यावर खोलीच्या भिंतींवरून परतलेले तरंग पसरलेले असतात. हे सर्व एकाच तरंगरेषेत कायमचे मिसळलेले असल्यामुळे त्यावर केलेली कोणतीही प्रक्रिया प्रत्येक घटकावर एकाच वेळी घडते. केवळ किकचा स्वर चढवायचा आणि झांज आहे तशी ठेवायची, ही मुभा इथे नसते. ब्रेकवर प्रक्रिया करणाऱ्याचे खरे कौशल्य या बंधनातूनच जन्माला येते, असे माझे मत आहे.

ड्रम अँड बेसची लय आज बहुधा मिनिटाला १७४ ठोक्यांच्या आसपास असते. १३७ वरून १७४ वर जाण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे तुकडा १.२७ पट वेगाने वाजवणे. असे केल्यावर प्रत्येक वारंवारता त्याच पटीने वाढते, म्हणजे सगळा आवाज चार अर्धस्वरांहून किंचित अधिक चढतो आणि स्नेअरचा २०० हर्ट्झचा मूळ स्वर २५४ हर्ट्झवर जातो. मात्र कानावर होणारा परिणाम केवळ स्वर चढल्याचा नसतो. अर्धा सेकंद घुमणारी खोली आता ०.३९ सेकंदच घुमते आणि ड्रमच्या कातड्याचा नाद त्याच प्रमाणात लवकर विरतो. वस्तू लहान असली की तिची कंपने जलद असतात आणि लहान खोलीत प्रतिध्वनी लवकर परततात, हे कानाला अनुभवाने ठाऊक असते. त्यामुळे वेग वाढवलेला ब्रेक ऐकताना लहान खोलीतला लहान, ताणलेला ड्रम वाजत असल्याचा भास होतो. जुन्या जंगल संगीतातील स्नेअरचा तो टणत्कार मोठ्या प्रमाणात या साध्या गुणाकारातून आलेला आहे.

वेग बदलण्याच्या या खटाटोपात यंत्रांनीही आपला वाटा उचलला. १९८७ साली बाजारात आलेल्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून हवा तसा वाजवणाऱ्या यंत्रात, एकूण १० सेकंदांचा आवाज मावत असे आणि तो सेकंदाला सुमारे २६,०४० नमुने (तरंगाच्या उंचीची मोजमापे) घेऊन १२ बिटांत साठवला जाई. जागा वाचवण्यासाठी अमेरिकेतील हिप-हॉप निर्माते ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर फिरवून मुद्रण करीत आणि नंतर यंत्रात तिचा वेग पुन्हा उतरवीत. त्यामुळे मूळ वेगाच्या हिशेबाने सेकंदाला सुमारे १९,२९० नमुनेच शिल्लक राहत. नमुन्यांच्या दराच्या निम्म्याहून वरची वारंवारता नोंदवताच येत नाही, या नायक्विस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार झांजेचा ९.६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग नाहीसा होई. हे यंत्र वेग उतरवताना दोन नमुन्यांमधली किंमत काढण्याऐवजी आधीचाच नमुना पुन्हा वाचत असल्यामुळे गेलेल्या भागाच्या जागी खालच्या वारंवारतांची आरशातली प्रतिमा उमटे. ८ किलोहर्ट्झच्या स्वरासोबत ११.३ किलोहर्ट्झच्या आसपास त्याची सावली वाजे आणि तिचा मूळ स्वराशी कोणताही सांगीतिक संबंध नसे. शिवाय १२ बिटांत तरंगाच्या उंचीसाठी ४,०९६ पायऱ्याच असतात. शिखरापेक्षा ६० डेसिबल खाली गेलेल्या नादाच्या शेपटीच्या वाट्याला त्यांतल्या चारच येतात, म्हणून विरत जाणारा नाद गुळगुळीत न राहता खरखरत तुटतो. जुन्या यंत्रांचा 'उबदारपणा' म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याचा बराचसा भाग हा असा मोजता येण्याजोगा आहे.

स्वर न चढवता लय वाढवायची किंवा लय तीच ठेवून स्वर बदलायचा, हा प्रश्न अधिक कठीण आहे. ब्रिटनमध्ये प्रचलित असलेल्या अकाई एस९५० आणि एस१००० या सॅम्पलरांत काळ ताणण्याची सोय होती आणि तिचे तत्त्व सरळ होते: आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करायचे आणि लांबी वाढवायची असेल तर प्रत्येक तुकडा पुन्हा वाजवायचा, कमी करायची असेल तर काही तुकडे गाळायचे. तुकडे २० मिलिसेकंदांचे असतील, तर ही पुनरावृत्ती सेकंदाला ५० वेळा घडते, आणि नियमाने ५० वेळा घडणारी कोणतीही गोष्ट कानाला ५० हर्ट्झचा स्वर म्हणून ऐकू येते. खूप ताणलेल्या ब्रेकवर चढणारा तो धातूसारखा गुंजारव म्हणजे यंत्राच्या गणिताचा स्वर होय. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने हा दोष होता, पण जंगलच्या निर्मात्यांनी तो हेतुपुरस्सर वापरला आणि माझ्या मते ते अगदी योग्य केले. गोल्डी यांच्या १९९२ च्या 'टर्मिनेटर' मध्ये लय कायम ठेवून ब्रेकचा स्वर वर चढवलेला ऐकू येतो. त्या वेळच्या श्रोत्यांना हे अद्भुत वाटले होते.

आजच्या संगणकांवर याच कामासाठी बहुधा फेज व्होकोडर हे तंत्र वापरतात. त्याची मांडणी फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ साली बेल प्रयोगशाळेत केली. यात आवाजाच्या छोट्या खिडक्या घेऊन प्रत्येकीतील वारंवारता मोजल्या जातात आणि त्या नव्या कालपट्टीवर पुन्हा जुळवल्या जातात. गायन किंवा व्हायोलिनसाठी ही पद्धत सुंदर चालते, परंतु ड्रमवर ती अडखळते. वारंवारता जितकी अचूक मोजावी तितकी वेळेतली अचूकता कमी होते, हे डेनिस गॅबर यांनी १९४६ साली दाखवून दिलेले बंधन कोणत्याही सॉफ्टवेअरला ओलांडता येत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना २,०४८ नमुन्यांची खिडकी ४६ मिलिसेकंदांची होते, आणि १७४ च्या लयीत ठोक्याचा एक चतुर्थांश भाग अवघा ८६ मिलिसेकंदांचा असतो. ज्या काठीचा आघात एका मिलिसेकंदाच्या आत घडून जातो, तो या खिडकीत पसरून मऊ पडतो.

म्हणून बहुतेक जाणकार निर्माते ब्रेक ताणण्याऐवजी कापतात. प्रत्येक आघाताच्या नेमक्या आरंभी छेद द्यायचा आणि ते काप नव्या लयीत मांडायचे. १३७ च्या लयीत ठोक्याचा चतुर्थांश भाग सुमारे १०९ मिलिसेकंदांचा असतो आणि त्याला आता ८६ मिलिसेकंदांच्या जागेत बसायचे असते, म्हणून प्रत्येक कापाची २३ मिलिसेकंदांची शेपटी छाटली जाते. आवाज कापला जातो त्या क्षणी तरंग शून्यावर नसेल, तर तिथे पडणारी पायरी सर्व वारंवारतांवर पसरते आणि टिचकीसारखी ऐकू येते. कापाच्या टोकाला एक-दोन मिलिसेकंदांचा उतार दिला की ती नाहीशी होते.

खरी अडचण वेळेच्या बारकाव्यांची असते. कोणताही चांगला ड्रमवादक गणिती जाळीवर, म्हणजे तंतोतंत समान अंतरांवर, वाजवीत नाही; त्याचे काही ठोके काही मिलिसेकंद आधी, तर काही नंतर पडतात आणि लयीचा झोका त्यातूनच निर्माण होतो. काप संगणकाच्या जाळीवर तंतोतंत बसवले की हा झोका संपतो. म्हणून प्रत्येक कापाचे मूळ जागेपासूनचे विचलन जपावे आणि लयीच्या प्रमाणात, म्हणजे ०.७९ पट करून, परत द्यावे. मुळात १५ मिलिसेकंद मागे असलेला ठोका नव्या मांडणीत १२ मिलिसेकंद मागे राहतो. तसेच एकच स्नेअर पुन्हा पुन्हा वापरू नये. दोन ठोक्यांचे तरंग तंतोतंत सारखे असले की कान ते लगेच ओळखतो, आणि त्याच ब्रेकमध्ये वेगळ्या जोराने वाजवलेले दुसरे स्नेअर उपलब्ध असते.

आता कॉम्प्रेसरकडे, म्हणजे मोठे आवाज दाबून मोठ्या आणि हळू आवाजांतले अंतर कमी करणाऱ्या साधनाकडे, वळू, कारण ब्रेकचा स्वभाव सर्वाधिक बदलतो तो इथे. मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागेत वादक स्नेअरवर अगदी हळुवार ठोके देतो, त्यांना घोस्ट नोट म्हणतात. समजा मुख्य ठोका उणे ४ डेसिबलवर आणि घोस्ट नोट उणे २८ डेसिबलवर आहे. कॉम्प्रेसरचा उंबरठा (ज्या पातळीच्या वर तो दाबू लागतो ती) उणे २८ वर ठेवून ४ ला १ हे प्रमाण लावले, तर उंबरठ्यावरचे २४ डेसिबल ६ डेसिबल होतात. मग सगळी पातळी वाढवली की आतापर्यंत जेमतेम ऐकू येणारे घोस्ट ठोके, झांजेची शेपटी आणि खोलीचा नाद पुढे येतात. 'अमेन, ब्रदर' च्या चौथ्या बारमध्ये कोलमन यांनी पहिला ठोका रिकामा सोडलेला आहे. कॉम्प्रेसर लावल्यावर त्या रिकाम्या जागेत खोली श्वास घेताना ऐकू येते. मात्र हा हिशेब कॉम्प्रेसर वेळेत सैल झाला तरच खरा ठरतो. पूर्ववत होण्यास त्याला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर ८६ मिलिसेकंदांनी येणारा घोस्ट ठोका मुख्य ठोक्यासाठी आवळलेल्या पकडीतच सापडतो आणि उठून येण्याऐवजी दबतो. ब्रेक निर्जीव झाल्याची तक्रार जिथे जिथे होते, तिथे सर्वांत आधी हा आकडा तपासावा. तसेच कॉम्प्रेसर फार चपळ असेल, तर काठीचा आघातच चिरडला जातो; त्याला काही मिलिसेकंद उशिरा आवळू दिले की आघाताचे टोक सुटून जाते.

या सर्व प्रक्रियांचा क्रम बदलला की आवाज बदलतो, आणि त्याचे कारण गणितात स्पष्ट सांगता येते. दोन फिल्टर (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणारी साधने) एकामागून एक लावले तर कोणता आधी आणि कोणता नंतर याने काही बिघडत नाही, कारण फिल्टर नव्या वारंवारता निर्माण करीत नाही. डिस्टॉर्शन, म्हणजे तरंगाचा आकारच मोडणारी प्रक्रिया, तसे नसते. ६० हर्ट्झची किक आणि ८ किलोहर्ट्झची झांज एकत्रितपणे डिस्टॉर्शनमधून गेली की त्यांच्या संयोगातून ७,८८० आणि ८,१२० हर्ट्झ असे नवे स्वर जन्माला येतात. किकच्या प्रत्येक ठोक्याबरोबर झांज थरथरल्यासारखी वाटते ती यामुळे. डिस्टॉर्शनच्या आधी फिल्टरने ६० हर्ट्झ काढून टाकले, तर हे स्वर निर्माणच होत नाहीत. नंतर काढले, तर किक जाते आणि तिचा ठसा झांजेवर राहतो. ड्रम अँड बेसमध्ये बेसचा खोल स्वर बहुधा ४० ते ६० हर्ट्झच्या परिसरात असल्यामुळे ब्रेकचा खालचा भाग कधीतरी काढावाच लागतो. तो केव्हा काढायचा, हा निर्णय म्हणूनच इतका महत्त्वाचा आहे.

रीसॅम्पलिंगचे महत्त्व इथे कळते. प्रक्रिया केलेला ब्रेक पुन्हा मुद्रित करायचा, त्या मुद्रणालाच नवा कच्चा माल मानायचे, ते पुन्हा कापायचे आणि पुन्हा प्रक्रियेतून न्यायचे. आधीच्या पिढीतील थरथर, गुंजारव आणि वर आलेला खोलीचा नाद आता तरंगाचाच भाग झालेले असतात आणि पुढचे कॉम्प्रेसर व डिस्टॉर्शन त्यांनाही मूळ ड्रमइतकाच प्रतिसाद देतात. या पद्धतीत मागे फिरता येत नाही, म्हणून प्रत्येक पिढीचे मुद्रण वेगळे जपून ठेवणे हिताचे असते. आघाताची शिखरे प्रत्येक फेरीत थोडी झिजतात आणि एका मर्यादेनंतर ठोके उरत नाहीत, केवळ आवाजाची भिंत उरते. पुष्कळ निर्माते या टप्प्यापलीकडे जातात, असे मला वाटते.

त्यावरचा चांगला उपाय म्हणजे मूळ ब्रेकमधील आघाताचे पहिले १० ते १५ मिलिसेकंद घेऊन ते रीसॅम्पल केलेल्या शेपटीवर बसवणे. हे दोन थर एकाच वेळी वाजत असताना त्यांच्यात एका मिलिसेकंदाचे अंतर राहिले, तर ५००, १,५०० आणि २,५०० हर्ट्झवर ते एकमेकांना खोडतात आणि स्नेअर पोकळ होते. म्हणून दोन्ही थर पडद्यावर मोठे करून पाहावेत, तरंगांची पहिली उसळी एकाच दिशेने आहे याची खात्री करावी, एक थर एकेका नमुन्याने सरकवत जावे आणि स्नेअरचा खालचा स्वर सर्वांत भरीव वाटेल तिथे थांबावे.