व्हॅम्पायर (लोकसमजूत)

पुरलेले प्रेत रात्री थडग्यातून उठते आणि जिवंत माणसांचे, बहुधा स्वतःच्याच नातलगांचे व शेजाऱ्यांचे, रक्त शोषते अशी पूर्व व मध्य युरोपातील समजूत. मराठीत व्हॅम्पायरला ‘रक्तपिपासू पिशाच्च’ म्हणतात, पण हा प्रतिशब्द पुरता जुळत नाही. पिशाच्च म्हटले की आपल्या मनात अशरीरी काहीतरी येते. व्हॅम्पायरची सारी भीती मात्र त्याच्या न कुजलेल्या देहात आहे. कादंबऱ्यांतला फिकट चेहऱ्याचा उमराव ही एकोणिसाव्या शतकातील निर्मिती. लोकसमजुतीतला व्हॅम्पायर साधा खेडूत असतो, फुगलेला आणि लालबुंद.

हा शब्द पश्चिम युरोपात पोचला तो सर्बियातून. १७१८ च्या तहाने उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला आणि तिथल्या गावकऱ्यांच्या तक्रारी सरकारी कागदावर उतरू लागल्या. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. मरण्यापूर्वी त्यांनी आधीच वारलेल्या पेटार ब्लागोयेविचचे नाव घेतले होते. त्याचे थडगे उघडले गेले तेव्हा ऑस्ट्रियन अधिकारी समक्ष हजर होता. मेद्वेजा गावातील मृत्यूंची चौकशी लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्युकिंगर याने केली. जानेवारी १७३२ मधील त्याचा अहवाल युरोपभर वाचला गेला. काही प्रेते कुजलेली, तर काही ताजी, अंगात पातळ रक्त असलेली, जुनी कातडी गळून खाली नवी दिसणारी, अशी नोंद त्यात आहे.

या गावकऱ्यांना अडाणी म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. त्यांनी जे पाहिले ते बहुतांशी खरेच होते. चुकला तो अर्थ. थंड मातीत प्रेत सावकाश कुजते. आतड्यांतील वायूंमुळे पोट फुगते, म्हणून मृत माणूस धष्टपुष्ट झाल्यासारखा वाटतो. त्याच दाबाने काळपट लाल द्रव तोंडानाकातून बाहेर येतो. कातडी आक्रसल्याने नखे व दाढी वाढल्यासारखी दिसतात. छातीत खुंटा ठोकताच कोंडलेला वायू घशातून निसटतो आणि प्रेत कण्हल्याचा आवाज येतो. हे ऐकलेल्या माणसाचा थरकाप का उडाला असेल, हे वेगळे सांगायला नको.

मेद्वेजातील स्तानाच्का ही स्त्री मध्यरात्री किंचाळत उठली. नऊ आठवड्यांपूर्वी मेलेल्या तरुणाने आपला गळा आवळला, असे तिने सांगितले. जाग येऊनही अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्याचा भास होतो, या अवस्थेला आज निद्रा-पक्षाघात म्हणतात. भुताने दाबल्याच्या आणि परग्रहवासीयांनी उचलून नेल्याच्या अनेक कथनांमागेही अभ्यासकांना हाच अनुभव दिसतो.

१७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसाने आपला वैद्य खेरार्ड व्हान स्वीटेन याच्या सल्ल्यावरून प्रेते उकरण्यास व जाळण्यास बंदी घातली. समजूत मात्र टिकली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये क्षयाने मेलेल्या १९ वर्षांच्या मर्सी ब्राउनचे प्रेत मार्च १८९२ मध्ये बाहेर काढले गेले. ऐन हिवाळ्यात ठेवलेला तो देह ताजाच होता. तिचे काळीज जाळून त्याची राख तिच्या क्षयग्रस्त भावाला पाण्यातून पाजण्यात आली. क्षयाचा जंतू सापडून तेव्हा दहा वर्षे झाली होती. दोन महिन्यांच्या आत भाऊही गेला.