आवाजापासून कान वाचवणारं औषध: पार्श्वभूमी

सततच्या ठोक्यांनी लोहार बहिरे होतात, याची वैद्यकीय नोंद १८३१ ची आहे. नागपुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात, उमेद घालवलेल्या माणसाशी घरातही ओरडून बोलावं लागतं, हे इथल्या गिरणीवस्त्यांना कुणी सांगायला नको. तरी यावर औषध असू शकेल, असं फार काळ कुणाला वाटलं नाही. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत, इथेच विषय संपायचा.

१९९० च्या दशकात वारं फिरलं. मोठ्या आवाजाने या पेशींत घातक मुक्त मूलकं तयार होतात आणि आवाज थांबल्यावरही ती नुकसान करत राहतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसू लागलं. म्हणजे औषधाला वाव होता. १९९४ मध्ये इस्रायलमधल्या ३०० नव्या जवानांवरची मॅग्नेशियमची चाचणी प्रसिद्ध झाली. ते घेणाऱ्यांत कायमचं नुकसान कमी निघालं. मग एन-ॲसिटिलसिस्टीनची पाळी आली. कफ पातळ करायला पाण्यात टाकून घेतात ती फसफसणारी गोळी हीच. अमेरिकी जवानांना ते नेमबाजीच्या प्रशिक्षणात दिलं. दोन्ही कान धरले तर फरक नाही. चाप ओढणाऱ्या हाताकडचा कान वेगळा काढला तेव्हा फरक दिसला. मुख्य कसोटीवर हरल्यानंतर एका कानावर उभं राहिलेलं हे यश मला लंगडं वाटतं.

खरा वाद २०१७ पासूनचा. एबसेलेन या औषधाच्या चाचणीत ८३ निरोगी तरुणांना ठरावीक मोठा आवाज ऐकवला. ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ४००० हर्ट्झचा स्वर ऐकण्यातली घट ६८ टक्क्यांनी कमी, असा निकाल गाजला. प्रत्यक्षात ती घट सरासरी ४ डेसिबलवरून सव्वा डेसिबलच्या आसपास आली, तीही आवाजानंतर १५ मिनिटांनी मोजलेली आणि आपोआप भरून येणारी. मुद्दाम कुणाचा कान कायमचा घालवता येत नाही, म्हणून हीच कसोटी धरली. त्यात गैर काही नाही. पण २००९ मध्ये उंदरांवर दिसलं होतं की ऐकणं पूर्ववत झालं तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. मग तात्पुरती घट रोखली म्हणून कान वाचला, असं कशावरून?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर वीस वर्षं पाळ्या करणाऱ्याचं नुकसान तर वेगळ्याच चालीचं. आधी ४००० हर्ट्झच्या आसपास ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, खाच पडते आणि बराच काळ त्याला काही जाणवत नाही. मग आवाज येतो, शब्द लागत नाहीत; ‘स’ कुठला नि ‘फ’ कुठला, कळत नाही. अशा माणसाने गोळी रोज किती वर्षं घ्यायची, याचं उत्तर चार तासांच्या प्रयोगात सापडत नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेत कान वाचवणाऱ्या एका औषधाला मान्यता मिळाली. पण ते सिस्प्लॅटिन हे कानाला इजा करू शकणारं कर्करोगाचं औषध घेणाऱ्या मुलांसाठी, आवाजासाठी नव्हे. आपल्या कारखाना नियमांत मात्र आठ तासांना ९० डेसिबलची मुभा राहिली. अनेक देश ८५ वर आले. या पाच डेसिबलांत कानावर पडणारी ध्वनिऊर्जा तिपटीहून जास्त होते.