गडचिरोलीत ‘विरोध’ या शब्दाचे अर्थ कसे बदलत गेले

दक्षिण गडचिरोलीतल्या लोकांना बंदुकीच्या लढाईबद्दल काय वाटतं, हे समजून घ्यायचं तर तेंदूपत्त्याच्या पुड्यापासून सुरुवात करावी. उन्हाळ्यात पहाटे जंगल गाठायचं, पानं तोडून घरी आणायची, ७० पानांचा पुडा बांधायचा आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. हजार पुड्यांची एक गोणी. १९८० च्या सुमारास या मेहनतीला कवडीमोल भाव होता, त्यातही ठेकेदार पान खराब म्हणून पुडे बाजूला टाकायचा. त्याच सुमारास गोदावरी-प्राणहिता ओलांडून पीपल्स वॉर या नक्षलवादी (पुढे माओवादी) संघटनेची पहिली सशस्त्र पथकं आली. दर वाढवून घेणं, वनरक्षकाचा जाच थांबवणं ही त्यांची सुरुवातीची कामं. लोक या पथकांना ‘दादालोक’ म्हणत, त्या शब्दातली आपुलकी तेव्हाची आहे. ती विचारसरणीतून आली नव्हती, मजुरीतून आली होती.

पुढे त्याच ठेकेदारांकडून दलम, म्हणजे हे सशस्त्र पथक, खंडणी घेऊ लागलं. १९९० मध्ये पोलिसांनी सी-६० हे खास नक्षलविरोधी दल उभारलं, त्यात इथलीच माडिया-गोंड पोरं भरती झाली. लढाई गावातच शिरली. दलम रात्री आलं की भात मागणार. दिला तर सकाळी पोलिसांची चौकशी, नाही दिला तर ‘खबऱ्या’ असा ठपका. आणि त्या ठपक्याची शिक्षा अनेकदा मृत्यूच असे. म्हणून परक्या माणसाने चारचौघांत विचारलं, तर उत्तर येतं, ‘आम्हाला काही माहीत नाही.’ अनेक पाहण्या इथेच फसतात, कारण गप्प बसणाऱ्याची संमती गृहीत धरली जाते.

२००३ मध्ये गावबंदी योजना आली. दलमला गावात येऊ देणार नाही असा ठराव करा आणि विकासनिधी घ्या, अशी तिची मांडणी. पण एकट्या गावाने ठराव केला, शेजारची गावं सोबत नाहीत आणि ठाणं दूर, तर त्या गावाचं रात्रीचं संरक्षण कोण करणार?

तिसरी वाट धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाने आधीच धरली होती: ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी मात्र एप्रिल २०११ उजाडला. या वाटेला शस्त्र लागत नाही, पण कागद चोख लागतो. ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सह्या-अंगठे त्याच दिवशी घ्यावे लागतात. मागाहून घरोघरी फिरून घेतलेल्या अंगठ्यांवर ठराव टिकत नाही.

सूरजागडच्या लोहखाणीने या वाटेची कठोर परीक्षा घेतली. आदिवासींचं दैवत ठाकुरदेवाचा पहाड वाचवण्यासाठी ग्रामसभा ठराव करत असताना डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथली सुमारे ८० वाहनं जाळली. त्यानंतर सनदशीर विरोध करणाऱ्यालाही ‘नक्षल समर्थक’ ठरवणं सोपं झालं. हा अन्याय आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंचा हात आहे. तरीही २०२३ मध्ये तोडगट्टा इथे खाणींविरोधात गावकरी कित्येक महिने ठिय्या देऊन बसले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. खाणीविषयीचे ग्रामसभांचे अर्ज त्याच्या कितीतरी आधीचे आहेत.